भरलेली किटली

हे मी आजवर कोणाजवळच बोलले न्हाई. नवऱ्याजवळ न्हाई, सख्ख्या बहिणीजवळ न्हाई. तुम्हाला सांगून राह्यले, कारण आता न सांगणं जड जातंय. मोठं काही न्हाई हो — एक वाक्य आहे फक्त. पण ते माझ्याच तोंडातून गेलं.

माझी नीता झाली तेव्हा आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहागडकडून गाय पाठवली. लेकीच्या लेकराला दूध म्हणून माहेरची गाय, ही आमच्यातली रीत. बदनापूरजवळच्या आमच्या गावात सगळी गल्ली बघायला आल्ती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, व्याह्यानं नाव काढलं. मला किती मान वाटला म्हणून सांगू!

आणि तेच दूध पोरीला सोसेना. वर्ष उलटल्यावर माझं दूध आटलं, गाईचं सुरू केलं, आन् अंगावर गांधी उठायच्या, जुलाब, रडणं. जुन्या जालन्यातल्या डॉक्टरांनी बिलकुल बंद सांगितलं — गाईचं, म्हशीचं, शेळीचंसुद्धा. सोयाबीनचं दूध पाजा म्हणाले, चांगलं उकळून. सोबत वरणभात, अंडं.

घरी येऊन मी काय सांगितलं? पोटात जंत आहेत म्हणले. माहेरच्या गाईचं दूध लेकराला बाधतं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? अप्पांच्या नावाला बट्टा लागला असता. म्हणून आणखी आठ दिवस मी तेच पाजत राह्यले. हो, डॉक्टरांनी सांगितल्यावरही. ते आठ दिवस मला अजून आठवतात.

शेवटी शेजारच्या हसीनाआपाच्या दारात बसून रडले. तिचा नवरा कृषी संशोधन केंद्रात मजूर होता. तेव्हा सोयाबीन आमच्याकडं कोणी पेरत नव्हतं, केंद्राच्या रानात तेवढं असायचं. साहेबाला विचारून तो पिशवीभर घेऊन आला. आपा ते भिजवायची, सालं काढायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची आणि चुलीवर ढवळत बसायची. उग्र वास मोडावा म्हणून वेलदोडा टाकायची. तिची स्वतःची तीन लेकरं होती. तरी सकाळी सकाळी ती किटली भरून आणायची आणि आदल्या दिवशीची रिकामी घेऊन जायची. एक दिवस चुकली न्हाई ती बाई. पोरगी पंधरा दिवसांत हसायला लागली. आणि नीताच्या वाटचं गाईचं दूध? ते मी गुपचूप वासराला पाजायचे.

मंग एका सकाळी सासूबाईंनी आपाला किटलीसकट दारात पाहिलं. हे काय रोज चाललंय, म्हणून विचारलं. आपा माझ्याकडं बघायला लागली. आणि मी —

मी म्हणले, "आपा आपल्याकडून दूध नेते, लेकरांसाठी."

सुचलंच कसं मला? भरलेली किटली आपाच्या हातात होती. झाकण लावलेलं होतं, म्हणून निभावलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि पदर सारखा करून म्हणली, "हौ मावशी, नेते मी. तुमची मेहेरबानी."

ती किटली तशीच घेऊन ती घरी गेली. घटकाभरानं सासूबाई रानाकडं गेल्या, तशी परत आली आणि दूध ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढं वर्षभर येत राह्यली.

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. द्या बिचारीला, लेकरांचा जीव आहे, म्हणायच्या. चार बायकांत मोठ्या कौतुकानं सांगायच्याही. म्हणून गल्लीत ठरूनच गेलं, की हसीनाची लेकरं आमच्या गाईवर वाढली. मी ऐकायचे. आपाही ऐकायची.

वीस वर्षांनी नीताच्या लग्नात सासूबाईंनी आपाला मायेनं जवळ बसवलं आणि विहीणबाईंना तीच गोष्ट सांगितली. मी जिलबीचं ताट घेऊन समोर उभी होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? आपा हौ म्हणली आणि नीताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आता सासूबाई न्हाईत, आपाही न्हाई. नीताला दोन धडधाकट लेकरं आहेत. त्यांना बघितलं की मी मनातल्या मनात आपाला हात जोडते. जिवंतपणी एकदाही जोडले न्हाईत.

किटली भरून यायची ती आपाच्या घरून. रिकामी जायची ती माझ्या घरून.