न भाजलेला राब

खारबावच्या खाडीकडच्या अंगाला राहीबाईंची भाताची दोन खाचरं आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी एक तळं. आजूबाजूच्या शेतांत मुरूम पडला, वर गोदामं उभी राहिली. राहीबाईंनी जमीन दिली नाही. त्यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. विचारायला आलेला माणूस बूट घालून त्यांच्या राबावरून चालत आला, तेव्हा बाईंचं डोकं फिरलं ते फिरलंच.

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, पालापाचोळा, गवत थरांनी पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि वारा बघून पेटवून द्यायचं. पाऊस पडला की त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचं. राहीबाई वज्रेश्वरीकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा ही विद्या सोबत घेऊन आल्या. खाडीकाठचे लोकही राब भाजत, पण एकदाचं उरकायचं म्हणून. बाईंना कोपऱ्यातलं एक पान कच्चं राहिलेलं खपत नसे. मग सुनेचा उद्धार, शेजारणीचा उद्धार, वाऱ्याचाही उद्धार. त्यांच्या रोपाचा रंग बघायला बायका मुद्दाम त्या बांधावरून जात, आणि बाई आपल्या गावीच नाही असा चेहरा करून गवत उपटत बसत. मनातून मात्र त्यांना फार बरं वाटे.

नात मृणाली शेतीचं शिकली आणि भिवंडीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागली, राहायलाही तिथेच. तिनं आजीच्याच शेतातली माती नेऊन तपासली. परत आली ती तोंड पाडूनच.

"आजी, आपल्या मातीत कर्ब उरलाच नाहीये. म्हणून ती सुकली की दगड होते. एवढा पालापाचोळा तू दरवर्षी धूर करून आभाळात सोडतेस. त्यापेक्षा खड्ड्यात नीट कुजव आणि मग मातीत घाल."

मुलगा, सून, गावातले पुढारी, बाई कुणाचंच ऐकत नसत. नातीचं ऐकत. पण ऐकलं ते अर्धं. खड्डा खणायचा, पाणी शिंपायचं, उलथापालथ करायची आणि महिनोन्महिने थांबायचं, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी राब नेहमीसारखाच रचला, नेहमीच्याच जाडीचा. फक्त काडी लावली नाही. सगळा सुका पाला तसाच नांगरून मातीत गाडला आणि नातीला फोनवर सांगितलं की तू म्हणालीस तसं केलं. त्यांच्या हिशेबी पाला तो पाला, खड्ड्यात कुजला काय आणि जमिनीत कुजला काय.

रोप उगवलं आणि हळदीसारखं पिवळं पडलं.

बायका बांधावरून जायच्या त्या जातच होत्या. आता थांबून बघत आणि काही न बोलता पुढे जात. हे राहीबाईंना सहन होईना. नातीला विचारावं तर आपण कच्चाच पाला गाडला हे सांगावं लागणार. त्यांनी दुकानातून युरियाची गोण आणली आणि संध्याकाळी, शेतांत कुणी नाही असं बघून, मुठी भरभरून फेकला. मन भरेना, म्हणून पुन्हा एक फेरी मारली. रोप हिरवं झालं. पण मध्ये पाऊसही झोडपून गेला होता, आणि खाचरांतलं पाणी उतरून जातं कुठे, तर खालच्या तळ्यात.

त्या तळ्यात जिताडा मासा होता. खाडीच्या पाण्यातून बोटाएवढा आलेला, पुढे बाईंनी चारा-मासळी घालून वाढवलेला. मृणालीचं लग्न वज्रेश्वरीजवळच्या भूपेशशी ठरलं होतं आणि मुलाकडच्यांना घरच्या तळ्यातला जिताडा द्यायचा ही बाईंच्या घरची रीत होती. मासा केवढा झालाय हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही हात फैलावून दाखवत. तळं हिरवंगार झालं तेव्हा तर त्यांना वाटलं, चला, माशालाही लाभलं.

मग आभाळ भरून राहिलं आणि एका सकाळी सगळी मासळी पाण्यावर तोंड काढून आ वासायला लागली. बारकी मासळी काठाला लागली होती. जिताडा एका कुशीवर कलला होता. रविवार होता, मृणाली घरी आली होती. ती धावत आली. हे लग्न जमवणारा लडकूही रस्त्यावरून जाता जाता थांबला.

"पाण्यातला श्वास संपलाय," मृणाली म्हणाली. "हे हिरवं शेवाळ दिवसा श्वास देतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. पण एवढं वाढलं कशानं? आजी, युरिया टाकलास का?"

राहीबाईंनी लडकूकडे पाहिलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

मृणाली काठावर उकिडवी बसली.  "मग माझंच काहीतरी चुकलं. मीच तुला राब भाजू नको म्हटलं. पुस्तकातलं आणून तुझ्या शेतात घातलं." तिचा आवाज फुटला. प्रयोगशाळेत जाऊन मोठ्यांना शिकवणारी पोर, आणि आता नाक पुसत बसली होती.

लडकूनं तेवढंच ऐकलं आणि फोन काढत निघाला. तो कुणाला फोन करणार हे सांगायला नको होतं. शिकलेल्या पोरीनं राब बंद पाडला आणि आजीचं तळं मारलं, ही बातमी दुपारच्या आत वज्रेश्वरीला पोचणार होती. तिकडे तर अजून सगळे राब भाजतात. त्या घरात जाऊन ही पोर मातीबद्दल पुन्हा कधी तोंड उघडू शकली नसती.

राहीबाईंनी जाळं टाकून जिताडा काढला. पदर खोचला, मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि "जाऊन येतं" एवढंच बोलून निघाल्या. भिवंडीला एसटीत कंडक्टर वासावरून कुरकुरला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या आजोळापर्यंत जाऊन सुनावलं. एरवी त्या अशा भांडणाची मजा घेत. आज तिकीट मुठीत धरून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

भूपेशची आई मैना अंगणात होती. लडकूचा फोन येऊन गेला होता, चेहऱ्यावरच दिसत होतं. दोन शेजारणी उगाचच बसल्या होत्या.

राहीबाईंनी गोणपाट सोडलं. "यो तुमचा जिताडा. लग्नापतुर थांबला न्हाय. ताजा हाय, आजच करा."

"पोरीनं काहीतरी केलं म्हनं," मैना म्हणाली.

"पोरीनं काय केलं न्हाय. ती बोलली पाला कुजव, मी कच्चाच गाडला. रोप पिवलं झालं त मना लाज वाटली. मंग चोरून युरिया मारला, दुप्पट. तो धुपून तल्यात गेला. सकाली तिनं इचारलं, मी न्हाय बोललं. खोटं बोललं."

 राहीबाईंच्या रोपाची ख्याती माहेरापर्यंत होती, आणि ती त्यांनी स्वतःच सगळ्यांदेखत मोडून टाकली होती.

मैनेनं गोणपाट उचलून सावलीत ठेवलं. मग म्हणाली, "आमची पन जमीन दगड झालीय. आमी काय करावं मंग?"

"मना नको इचारू. तिला इचार."

मैनेनं खरंच फोन लावला. होणाऱ्या सुनेला तिनं आजवर साडीचा रंग सोडून काही विचारलं नव्हतं. पलीकडून मृणाली आधी अडखळत बोलली. पाला खड्ड्यात कुजवूनच मातीत घाला. कच्चा पाला कुजताना मातीतलं नत्र आधी स्वतःच खातो, रोप उपाशी राहतं, म्हणून ते पिवळं पडतं, पूर्ण कुजला की तेच परत देतो. पण आजीनं तर कुजवूनच घातला होता ना?

"कच्चाच घातला. वर युरियाही टाकला," मैना म्हणाली. "आता आमच्या अंगनात बसून आजीनंच सांगितलं."

 मग मैनेनं फोन राहीबाईंपुढे धरला. त्यांनी नको नको म्हणून मान हलवली. चारचौघींसमोर बोलताना न कापलेली बाई आता हात मागे घेत होती. शेवटी मैनेनं फोन त्यांच्या कानालाच लावला.

"आजी, मला सकाळीच का नाही सांगितलंस?"



"मना वाटलं," त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं त तू मना परत काय शिकवनार न्हायस."