शेण उलथून निवडलेला माळ

कारभाऱ्यांना पिंपरीच्या कंपनीत काम लागलं आणि आम्ही माणदेश सोडला, त्या सकाळी आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चंद्रीचे खूर तपासत बसले! लेक परमुलखात चाललीय आणि बापाला गाईच्या खुरांची काळजी. मी एसटीत हुंदके देत आले. लग्नात आंदण मिळालेली चंद्री दादाबरोबर चालत आली, आठ दिवसांनी. माहेरचं असं तेवढंच माझ्याजवळ होतं. सुमे, तू धाकटी. एसटीमागं पळाल्याचं तुला आठवतंय का गं?

चिंचवड स्टेशनाजवळ खोली मिळाली. पिंपळे गुरवचे एक म्हातारे पाटील चरायला जागा द्यायला तयार झाले. म्हणाले, "वढ्याकाठचं घे, न्हाईतर वरला माळ. आमाला दोन्ही सारखंच." आपण माणदेशी माणसं, हिरवं दिसलं की खुळावतो. लांबूनच ओढ्याकाठची हिरवळ बघितली आणि म्हटलं, हेच!

कसलं काय! चंद्री वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. सगळा टाकळा माजला होता. गाय त्याला तोंड लावत नाही, हे गुरंवाल्या घरच्या पोरीला कळू नये? चंद्रीचं पोट खपाटीला गेलं, दूध आटलं. कारभारी पहिल्या शिफ्टवरून आले नि म्हणाले, "दिवाळीला आबा येतील, त्यांच्याबरोबर तिला परत धाडू. उपाशी मारायचीय का?" मी चुलीकडं तोंड करून रडले.

रडता रडता आबांचं बोलणं आठवलं. "वरला रंग बघू नगं, शेण उलथून बघ."

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन वरल्या माळावर गेले. लांबून पिवळट दिसणारा तो माळ जवळून बघितला, तर पायाशी मारवेल गवत! आपली गुरं ज्याच्यासाठी दावं तोडतात, तेच. गुरांच्या तोंडाला टोचणारं कुसळी गवत शोधूनही सापडेना. जुनं शेण उलथलं, तर त्याची पार चाळण झालेली. शेण मातीत कालवणारे काळे किडे सैरावैरा पळाले. खाली माती ओलसर, भुसभुशीत. ओढ्याकाठी शेणाचे पो तसेच कडक पडून होते आणि मी रोज ते ओलांडून जात होते, शहाणी!

"पाटीलबाबा, मला माळ द्या."

"आगं, तितं हाय काय?"

"किडे हायेत."

पाटील एवढे हसले की पागोटं सुटलं. "पोरी, किडं बघून जागा मागणारी तूच पयली!"

माळावर चरून चंद्री पुन्हा अंगानं भरली. दिवाळीला आबा आले ते नवं दावं घेऊनच. कारभाऱ्यांचा आधीचा निरोप होता ना, गाय न्यायला. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "जागा दाव." माळावर उकिडवे बसले, काठीनं शेण उलथलं, माती चिमटीत चोळली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं, चांगलं डोळे भरून. "शिकलीस की गं, माझे बाई!" आणि हात हलवत एकटेच गावी गेले.

सुमे, तू पत्रात विचारतेस, घरी कधी येणार? येईन की, चार दिवस पाहुणी म्हणून. आबांचं ते दावं मात्र इथंच आहे. कालपासून त्याला चंद्रीचं नवं वासरू बांधलंय.