साडूंची बेचाळीस मिनिटं

स्लोव्हाकिया या देशावर आमच्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस खुद्द स्लोव्हाकियातही नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्यांनी तो देश पाहिलेला नाही. नकाशात दाखवा म्हटलं तर ऑस्ट्रियावर बोट ठेवून 'इथेच कुठेतरी' म्हणतात. पण तिथल्या एका बँडबद्दल वावगा शब्द काढलात तर ते भरल्या ताटावरून उठतील. साडू मूळचे नाशिकचे, नोकरी अबू धाबीच्या पलीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत आणि कुटुंब शारजात, अल मजाजला. आठवडाभर कंपनीच्या कॅम्पात राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं, असं एकोणीस वर्षं चाललं. पहिल्याच वर्षी शटडाऊनच्या, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामाला आलेला एक स्लोव्हाक इंजिनिअर महिनाभर त्यांच्या कॅम्पातल्या खोलीत राहिला. त्याचं इंग्रजी बेताचं, साडूंचं तेव्हा त्याहून बेताचं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. जाताना त्यानं साडूंना मिठी मारली आणि त्या बँडची एक सीडी दिली. त्या सीडीनं पुढे आमच्या अख्ख्या सासुरवाडीला वेठीस धरलं.

बँड चार जणांचा. गिटार नाही, ऑर्गन आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची युरोपातली एखादी दरबारी सुरावट घ्यायची आणि तिच्यावर ड्रम मोकळे सोडायचे, असा काहीसा प्रकार. सीडीवर रचना एकच, बेचाळीस मिनिटांची, आणि तिला शब्द नाहीत. ती ऐकताना आपण नक्की कुठे आहोत हे मला कधीच समजलेलं नाही. एकदा सगळं शांत झालं म्हणून मी 'वा, सुरेख' म्हणालो, तर साडू म्हणाले, "अजून सुरू व्हायचंय." पुढच्या खेपेला मी शहाणपणानं गप्प बसलो, तर मला डुलकी लागली आणि ते मला हलवून म्हणाले, "संपलं हो." साडू स्वतः मांडी घालून, डोळे मिटून बसतात आणि बोटांवर मात्रा मोजतात. सात, मग पाच, मग पुन्हा सात. जेवताना आमटीच्या वाटीवरही तेच चालू असतं. आमचा चिरंजीव एकदा तोंडात घास घेऊन म्हणाला, "काका, व्हाय डोन्ट यू जस्ट काउंट टू एट?" साडूंनी त्याला दोन दिवस कॅरम खेळायला घेतलं नाही.

अंतरसुद्धा ते याच रचनेच्या मापानं मोजतात. रुवैसहून अबू धाबी किती लांब, असं विचारलं तर उत्तर 'तीन वेळा आणि थोडं'. गाडी चालवताना रचना मध्येच तोडायची नाही आणि रंगात आलेली असताना वळणही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. सासूबाई पहिल्यांदा इकडे आखातात आल्या तेव्हा इथेच राहणारे आम्ही दोघे जावई त्यांना आणायला दुबईच्या विमानतळावर गेलो. शारजाचं वळण आलं, पण ऑर्गन वर चढत होता. वळण गेलं. त्याच्याही पुढचं अजमान गेलं. मागच्या सीटवरून सासूबाई अदबीनं म्हणाल्या, "जावईबापू, गाणं कधी सुरू होणार?" साडू म्हणाले, "आई, संपत आलंय." आम्ही उम्म अल कुवैनला पोचलो होतो. सासूबाईंना आजही वाटतं की दुबईचा विमानतळ गावापासून फार लांब आहे.

एका वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या वेळी काहीतरी मंद लावा, अशी विनंती साडूंना झाली. झाली म्हणजे कशी झाली, हा संशोधनाचा विषय आहे. चौथ्या मिनिटाला साऊंडवाला मलबारी धावत आला आणि म्हणाला, "सर, सीडी अटक गया है." साडू शांतपणे म्हणाले, "अटका नहीं है भाई, यही आर्ट है." त्यानं बिचाऱ्यानं मान डोलावली आणि वायर काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या साडूंच्या फार जिव्हारी लागल्या. एकोणीस वर्षांत एकाही माणसानं त्यांच्याबरोबर बसून ती रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत मन लावून ऐकली नाही, हे त्यांचं खरं दुःख होतं, आणि त्यांच्या बायकोचंही नाव न ऐकणाऱ्यांच्या यादीत होतं.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. कंत्राट संपलं, व्हिसा रद्द झाला, शनिवारचं विमान ठरलं. निरोपाला हॉल घेऊ या, केटरर सांगू या, असं सगळे म्हणत होते. साडू म्हणाले, "हॉलचं खलास, नको ते. शुक्रवारी दुपारी घरी या. एकदा सबंध ऐका. मला दुसरं काही नको."

बावीस जण आलो. सामान खोक्यांत गेलेलं, म्हणून सगळे खाली सतरंजीवर बसलो. दहाव्या मिनिटाला बायका वड्यांच्या नावाखाली स्वयंपाकघरात गेल्या. पंधराव्याला चौघांना एकदम ऑफिसचे फोन आले. मुलं केव्हाच इमारतीखालच्या तलावाकाठी पळाली होती. तिसाव्या मिनिटाला मी डोळे उघडले तेव्हा खोलीत साडू आणि मीच होतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि वड्यांचा वास येत होता. उठावं असं फार वाटलं. पण साडूंचे डोळे मिटलेले नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते, मी उठतोय का ते. मी बसून राहिलो.

शेवटी सगळं थांबलं. या वेळी मी काहीच बोललो नाही.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं अवघड नव्हतं, एकोणीस वर्षांची सवय होती. पण म्हणालो, "साडूभाऊ, खरं सांगू? मला काही म्हणजे काहीच कळलं नाही."

 ते हळूच म्हणाले, "मलाही नाही कळत हो."

"मग मात्रा मोजता त्या?"

"दर वेळी चुकतात. म्हणून तर पुन्हा लावतो. त्या कॅम्पात मला कशाचाच पत्ता लागत नव्हता. पोरं कधी वाढली, आपण इथे का राहिलो... त्यात हे एकच न कळणं असं होतं, की ज्यात मजा यायची. कुणाला तरी सांगायचं होतं, पण आधी त्यानं ऐकायला तर हवं."

 त्यांनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. मीही बोटं पुढे केली. सात, पाच, सात. अकराव्या मिनिटाला आम्ही दोघेही चुकलो आणि दोघेही हसलो.

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या संगीतातलं मला अजूनही ओ की ठो कळत नाही. साडूंवाचून या देशात करमत नाही, एवढं मात्र स्वच्छ कळतं.