राजेश्वराने थांबवलेली लढत

गेल्या श्रावणात मी आमच्या अकोल्याच्या राजेश्वरापुढे हात जोडून उभा होतो, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवाशी भांडायला गेलो होतो. अमरावतीला बॉक्सिंगच्या राज्य स्पर्धेची अंतिम लढत मी हरलो होतो, तीही पंचांच्या दुमतानं. एका पंचाचं मत फिरलं असतं तर पदक माझं होतं. मला हरवणारा परतवाड्याचा पोरगा होता, मी पहिलं राज्य पदक जिंकलं तेव्हा तो पाळण्यात असेल. हा निकाल मला पटला नव्हता आणि तो पटत नाही हे मी भेटेल त्याला सांगत होतो. अमरावतीच्या आयोजकांनी दसऱ्यानंतर आमची दोघांची पुन्हा एक लढत ठेवायचं ठरवलं आणि मला विचारलं. वयाची मर्यादा मला पुढे खेळू देणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच संधी. घ्यायची की हातमोजे काढून ठेवायचे, हे मला काही केल्या ठरवता येईना.

अशा वेळी विचारावं असं एकच माणूस होतं, आमचे सर. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. अकोल्यात किल्ल्याच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी आम्हा पोरांना बॉक्सिंग शिकवलं. तेव्हा आमच्याकडे धड हातमोजेही नव्हते. सरांनी कापसाच्या जिनिंगमधून गोणपाट आणलं, त्यात सरकी आणि रेती भरून ते लिंबाच्या फांदीला टांगलं, आणि त्यावर आम्ही सकाळ-संध्याकाळ हात चालवायचो. पावसाळ्यात ती सरकी ओली होऊन आंबायची. तो वास आजही कुठे आला की मी चौदा वर्षांचा होतो. जिंकून आलो की सर शाबासकी देत नसत. "आदी मार कुठं खाल्ला ते सांग," एवढंच म्हणायचे. आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ते आम्हा सगळ्यांना कावडीला घेऊन जायचे. आदल्या संध्याकाळी गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरायचं, रात्रभर अनवाणी चालत अकोल्याला यायचं आणि सकाळी राजेश्वराला जलाभिषेक करायचा. खांदे सोलून निघायचे, पण दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांना ते सोललेले खांदेच दाखवत फिरायची. ते दिवस, ती पोरं, सगळं कुठे पांगलं कोण जाणे.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली होती, "तुमाले वाटते ते करा. फक्त मले पाहाले बोलावू नका." मग मी आयोजकांना होकार कळवून टाकला. होकार कळवल्यावर तरी झोप यायला हवी होती, ती आली नाही. म्हणून कावडीच्या आधी मंदिरात जाऊन मी राजेश्वराला बजावलं, की सर नाहीत, आता तूच काय ते दाखव. नाही दाखवलंस तर मी लढणार.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. स्पर्धेच्या आधीपासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगायचे. त्या आठवड्यात तर डाव्या कडेला एक सावली दिसायला लागली होती, कोणी दाराशी उभं असावं तशी. वयाचं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

जुन्या मंडळाच्या कावडीला खांदा देऊन मी रात्रभर चाललो. बरोबरची माणसं आलटून-पालटून खांदा बदलत होती. मी मात्र बदलायला तयार नव्हतो. अजून आपल्यात किती दम आहे हे मला कोणाला तरी दाखवायचं होतं, बहुतेक स्वतःलाच. फटफटलं तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या एका मांडवापाशी थांबलो. तिथे गावातली माणसं कावडकऱ्यांना चहा देत होती. पन्नाशीची एक बाई, डोक्यावर पदर, माझ्यापुढे कप धरून उभी राहिली. मी हात पुढे केला तो कपाच्या बाजूला, हवेत. पुन्हा केला, पुन्हा तसाच.

बाईनं कप खाली ठेवला. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जशी आई लेकराचं वळवते. कडेनं अंधार येते काय, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिच्या नवऱ्याच्या डोळ्याला कापसाच्या पऱ्हाटीचा मार लागला होता आणि असाच अंधार येत होता, पोळा झाल्यावर दवाखान्यात जातो म्हणाला आणि पोळ्याच्या आत डोळा गेला, असं ती सांगत होती. मी म्हटलं, मावशी, एवढं पाणी देवाला घालतो आणि लगेच जातो.

ती म्हणाली, "पानी न्याले एवढे लोकं हायेत ना बापू. डोया तं तुया एकट्याचा हाय."

तिनं मंडळातल्या एकाला हाक मारून माझ्या जागी उभं केलं, अकोटकडून येणारी काळीपिवळी जीप हात दाखवून थांबवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, याले थेट डोयाच्या दवाखान्यात सोड. गाडी निघाली. मागे वळून पाहिलं तर माझी कावड दुसऱ्याच्या खांद्यावर डुलत चालली होती. माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं. मला रडू आलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. आतला पडदा फाटून सुटत चालला होता. आणखी थोडा उशीर, किंवा एक ठोसा, आणि नजर परत आली नसती, असं ते म्हणाले. रिंगण कायमचं बंद. त्यानंतर कित्येक दिवस मला पालथं, मान खाली घालून राहावं लागलं. तसं पडल्या-पडल्या मी देवाचे आभार मानायला हवे होते. मी मात्र मनात हिशेब मांडत होतो, की हरलो ते डोळ्यामुळे. डोळा धड असता तर त्या पोराला मी सोडला नसता. लढत टळली होती, माझी लढाई काही संपली नव्हती.

मग एके दिवशी तो परतवाड्याचा पोरगा घरी आला. बस पकडून एकटाच आला होता. बराच वेळ खुर्चीच्या काठावर बसून राहिला. बायकोनं दिलेलं पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, "सर, तुमाले माहा उजवा हात दिसूनच नव्हता राहिला. दुसऱ्या राउंडातच समजलं मले. मंग तिसऱ्यात म्या तो मारलाच नाही."

मी विचारलं, "काहून?"

"माह्या बापानं तुमचा पेपरातला फोटो भिंतीले लावला हाय, सर. तुमाले आंधयं करून घरी कसा जाऊ?"

तिसरा राउंड मी जिंकला होता. त्या राउंडाच्या जोरावरच मी पंचांना नावं ठेवत होतो, पुन्हा लढायचा हक्क सांगत होतो. तो राउंड त्यानं मला दिला होता, स्वतःचं पदक पणाला लावून. मी राजेश्वराकडे खूण मागायला गेलो, त्याच्या कितीतरी आधी, भर रिंगणात, देवानं माझा डोळा राखायला सुरुवात केली होती, आणि ज्याच्या हातून राखला त्याचाच मी राग करत बसलो होतो. उठून मी त्या पोराला पोटाशी धरलं. बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती.

बरं वाटल्यावर मी त्या मांडवाच्या जागी जाऊन आलो. तिथे लिंबाच्या सावलीत दोन म्हशी बसल्या होत्या. गावात चौकशी केली. त्या दिवशी चहा द्यायला चार गावची माणसं होती, म्हणाले, अशा बाया बऱ्याच. ती मावशी मला सापडली नाही. ती कोण होती यावर मी डोकं चालवत नाही. जिथे असेल तिथे ती सुखी असो, एवढं रोज म्हणतो.

दसऱ्यानंतर अमरावतीला लढत झाली, माझ्या जागी अकोल्याचा दुसरा एक जण उतरला. मी परतवाड्याच्या पोराच्या कोपऱ्यात होतो, त्यानंच बोलावलं होतं. बायकोही पाहायला आली, न बोलवता. आधी आम्ही अंबादेवीचं दर्शन घेतलं. देवीपुढे उभा राहिलो तर मागायचं काही सुचेना. आयुष्यात प्रथमच असं झालं, आणि फार हलकं वाटलं.

तो पोरगा त्या दिवशी हरला. मी टॉवेलनं त्याचं तोंड पुसत होतो. ओठ फुटलेला, डोळ्यांत पाणी. त्यानं विचारलं, "सर, याच्याशी पुन्यांदा लढू काय?"

मी त्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून पाहिली. त्याची नजर बरोबर बोटांमागे गेली.

"दिसून राहिलं ना नीट?" मी म्हटलं, "मंग लढ. पन आदी मार कुठं खाल्ला ते सांग."

सांगता सांगता तो हसायला लागला. मी त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होतो. राजेश्वरा, तुझ्या कृपेनं बघत होतो.