घरगुती कारणास्तव

शनिवारी जेवणाची सुट्टी संपता संपता एच.आर.च्या मॅडमनी मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर एक टाइप केलेलं पत्र ठेवलं. ते पत्र म्हणे मी लिहिलेलं होतं. खाली माझं नाव होतं, वर तारीख होती, आणि मधल्या चार ओळींत मी कंपनीला कळवत होते की घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती.

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या त्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काम केलं. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग तिथे तयार होतात. पहिली तीन वर्षं मी पॅकिंगला होते. मग म्हाताऱ्या मालकांनी एकदा मला खोक्यातला एक शाफ्ट बाजूला काढताना पाहिलं आणि विचारलं, "तो का काढलास?" मी म्हटलं, "हा वाकडा आहे, अप्पा." त्यांनी तो मापून घेतला. खरंच वाकडा होता. दुसऱ्या दिवसापासून मी तपासणीच्या टेबलावर बसले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, मापं घ्यायचं सगळं तिथेच शिकले. प्रत्येक लॉटच्या रिपोर्टवर 'तपासणारा' अशा रकान्यात माझी सही असायची. ती असल्याशिवाय माल गेटबाहेर जात नव्हता.

म्हातारे मालक वारले, मुलगा बसू लागला. धारवाडच्या बाजूला नवी शेड उभी राहिली आणि तिथे मापं घेणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं. तपासणीत आम्ही तिघी बायका होतो. आमचं काय होणार हे आम्हाला कळत होतं, पण कुणी तोंडाने सांगत नव्हतं.

"ही नुसती फॉर्मॅलिटी आहे अक्का," मॅडम म्हणाल्या. तिशीच्या असतील, वर्षभरापूर्वीच आलेल्या. चहा मागवला होता माझ्यासाठी. एकोणीस वर्षांत वरच्या मजल्यावर मला मिळालेला तो पहिला चहा. "सुम्ने सही माड्री, उगाच विचार न करता करून टाका. त्या दोघींनी सकाळीच केली."

"घरगुती कारण कुठलं?" मी विचारलं.

"तसं काही नसतं हो. सगळ्यांचं असंच लिहितो. बायकांचं तर काय, तेच कारण असतं."

माझ्या कानशिलात जाळ झाला. माझे वडील मंगळवारी गेले आणि शुक्रवारी मी टेबलावर होते, कारण लॉट अडकला होता. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा शेजारणीकडे ठेवून आले. आईच्या ऑपरेशनला चार दिवस रजा मागितली, तेव्हा ह्याच केबिनमध्ये ह्यांच्या आधीचे साहेब मला म्हणाले होते, "घरगुती कारणं इथे सांगायची नाहीत, कारखाना त्यावर चालत नाही." एकोणीस वर्षं जे कारण इथे चालत नव्हतं, ते आता ह्यांनीच माझ्या नावावर लिहून आणलं होतं.

पत्राखाली आणखी दोन कागद होते. एक इंग्रजीतला करार, दोन पानी. दुसरा अनुभवाचा दाखला. मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. मॅडम म्हणाल्या, कागद बाहेर न्यायचे नाहीत. "मग इथेच वाचते," म्हटलं आणि बसले. माझं इंग्रजी हळू चालतं, पण चालतं. माझे वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी होते आणि दर रविवारी विहारात मुलांना अक्षरं शिकवायचे. आजी अंगठा उठवून घर घालवून बसली होती. म्हणून त्यांचा एकच दंडक होता: न वाचता सही करायची नाही, मग समोर कुणीही असो.

मी नुसतं वाचलं नाही, उतरवून घेतलं. पर्समध्ये तपासणीचा एक कोरा फॉर्म होता, त्याच्या पाठीवर. मॅडम दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "अक्का, एवढा संशय?" मी लिहीत राहिले. शेवटी त्यांचा आवाज बदलला. "सोमवारी सही झाली नाही तर हिशोबाच्या चेकला सहा महिने लागतील. मग मला बोलायचं नाही."

रविवारी मी धारवाडला, मळमड्डीला गेले. तिथे एक अक्का राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, कामगार कोर्टात स्टेनोचं काम करून निवृत्त झालेल्या. माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती आणि ह्या दोघी कितीतरी वर्षं हुबळी-धारवाड एकाच बसने गेल्या-आल्या. तेवढ्याच ओळखीवर मी दार वाजवलं. त्यांनी भिंग घेऊन माझं गिचमिड अक्षर वाचलं. मध्येच थांबून म्हणाल्या, "इल्ले नोडु. इथं बघ. ह्या पत्रात तू जातीयस. ते तुला काढत नाहीत. फरक एवढाच, आणि सगळा फरक ह्यातच आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कामावरून कमी केलं तर नोटीस द्यावी लागते, कारण द्यावं लागतं, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. आपण होऊन गेलो तर ह्यातलं काही नाही. फक्त ग्रॅच्युइटी, आणि ती तर आपलीच असते.

"पण इथे ग्रॅच्युइटीला काय म्हटलंय, वाचलंस?" त्यांनी विचारलं. मी वाचलं होतं, पण शब्दाचा अर्थ लागला नव्हता. त्यांनी सांगितला. कंपनी ती रक्कम सदिच्छेपोटी देत होती. माझ्या घामाचे पैसे, आणि सदिच्छा त्यांची! पुढच्या कलमात मला सगळं मिळालं असून मी कुठल्याही कोर्टात, कुठल्याही ऑफिसात कधीही जाणार नाही असं होतं. आणि दाखल्यावर माझं पद लिहिलं होतं 'हेल्पर'.

मी तिथे रडले. पैशाचं कमी-जास्त मी सोसलं असतं, आयुष्यभर सोसतेच आहे. पण हेल्पर? त्या दाखल्यावर उद्या मला दुसरीकडे कोण गेज हातात देणार?

अक्कांनी रडू दिलं, मग कागद पुढे सरकवला. "आता लिही. भांडायचं नाही. मागायचं. जे मागायचं ते लिहून द्यायचं, आणि त्याची पोच घ्यायची." मी कन्नडमध्ये लिहिलं, त्या सांगत गेल्या. कामावरून कमी करत असाल तर तसं पत्र द्या. प्रत्येक रक्कम वेगळी दाखवा. दाखल्यावर खरं पद लिहा. बस, एवढंच. पत्र अर्ध्या पानाचं झालं.

सोमवारी मॅडमनी ते वाचलं आणि पोच द्यायला साफ नकार दिला. वर म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांचं काम तपासत होता, म्हणजे सुपरवायझर. कामगारांचा कायदा तुम्हाला लागू होत नाही."

मी त्यांच्याच टेबलावरचा तो दाखला उचलला. "इथे हेल्पर लिहिलंय, मॅडम. शनिवारी हेल्पर होते, सोमवारी सुपरवायझर झाले. बढती झाली का माझी? मग पगारही सांगा."

संध्याकाळी मी ते पत्र पोस्टात रजिस्टर केलं.

पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. माझ्या टेबलावरची गेजं काढून नेली. काम दिलं नाही. सकाळी कार्ड दाबायचं आणि गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसायचं. ज्यांनी माझ्या हातचं जेवण खाल्लं होतं ते समोरून जाताना मोबाईल काढून बघायचे. त्यांना भीती होती, समजतं मला. पण तपासणीची बाई गेटवर बसलेली असताना माल ट्रकमध्ये चढत होता, आणि रिपोर्टवर कुणाची सही होती ते मला दिसत नव्हतं.

नवव्या दिवशी धाकट्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. मॅडम बाजूला उभ्या होत्या.

"आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं," ते म्हणाले.

"घरच्या माणसाला घालवताना त्याच्याच हातून लिहून घेत नाहीत, साहेब."

त्यांनी एक आकडा सांगितला. भरपाईपेक्षा थोडासाच कमी. रोख देतो म्हणाले, फक्त पत्र आहे तसं राहू द्या. खोटं का बोलू, मी बोटांवर हिशोब करायला लागले. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. ते पाहून ते हसत म्हणाले, "पैसे मिळाल्याशी कारण. शब्दांनी काय फरक पडतो?"

तो प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. "साहेब," मी म्हटलं, "शाफ्ट केसभर जरी जास्त जाड निघाला तरी मी तो परत पाठवत आले. एवढ्याने काय फरक पडतो असं तुमच्या वडिलांनी मला एकदाही विचारलं नाही. तुमचा माल ज्या नावावर विकला गेला ते नाव ह्या 'एवढ्याशा'वर उभं आहे. आणि माझ्या नावाच्या बाबतीत मी खोटं माप पास करू?"

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या टायपिस्टने काम थांबवलेलं मला ऐकू आलं. साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मग वकिलाला फोन लावायला आत गेले.

पुढचे दहा दिवस मी त्याच गेटवरच्या खुर्चीवर होते आणि कागद इकडून तिकडे जात होते. पहिल्या मसुद्यात 'सदिच्छा' पुन्हा आली, मी खोडली. दुसऱ्यात पद 'सीनियर हेल्पर' झालं होतं. सीनियर! तेही खोडलं. 'कुठल्याही ऑफिसात जाणार नाही' ह्या कलमात अक्कांनी 'ह्या पत्रात दाखवलेल्या रकमांपुरतं' असे शब्द घालायला लावले. प्रत्येक मसुदा मी मळमड्डीला नेत होते, आता मॅडम अडवत नव्हत्या.

तिसऱ्या मसुद्यात एक नवीनच कलम शिरलं. ह्या कराराबद्दल मी कंपनीच्या आजी-माजी कामगारांशी काहीही बोलणार नाही. ते वाचलं आणि त्या दोघी डोळ्यांसमोर आल्या. मी साहेबांना म्हटलं, "त्या दोघींनाही हेच द्या, मग करते सही."

"त्यांनी स्वतः सही केली आहे. तो विषय संपला."

"न वाचता केली. एकीला इंग्रजीचं अक्षर येत नाही."

"ते आमचं काम नाही."

त्या दिवशी मी खूप बोलले, पण ते हलले नाहीत. शेवटी असं ठरलं: दोघींचेही 'हेल्पर'चे दाखले बदलून मिळतील, गप्प राहण्याचं कलम निघेल, आणि त्याबदल्यात मी त्या वर्षीचा बोनस सोडायचा. मी सोडला. अक्का नंतर म्हणाल्या, तो सोडायची गरज नव्हती, आणखी चार दिवस ताणायला हवं होतंस. असेल. माझी ताकद तेवढीच होती.

सही केली तेव्हा जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पत्रात लिहिलं होतं की काम कमी झाल्यामुळे कंपनी मला कमी करत आहे. दाखल्यावर 'क्वालिटी इन्स्पेक्टर' होतं. पैसे सगळे खात्यात आले. एवढं सगळं माझंच होतं, आणि ते माझ्याच दारात आणायला मला तीन आठवडे भिकाऱ्यासारखं गेटवर बसावं लागलं, ह्याचाच राग जास्त होता.

त्या दोघींपैकी एक अळणावरजवळच्या खेड्यातली, कमरीपेठेत भाड्याने राहते. तिच्याकडे मी माझा करार घेऊन गेले. तिने दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाली, "मला वाटलं, मला दिलं तसंच सगळ्यांना देतात." मी तिला मळमड्डीला नेलं, मग कामगार खात्याच्या ऑफिसात तक्रार द्यायला. पहिल्या तारखेला कंपनीचं कुणी आलंच नाही. दुसऱ्या तारखेला वकील आले आणि म्हणाले, बाई आपल्या मर्जीने गेल्या, लग्न वगैरे ठरलं असेल. ती उभी राहिली. "लग्नाला सोळा वर्षं झाली, साहेब. मोठा नववीत आहे." अधिकाऱ्यांनी वकिलांकडे असं काही बघितलं की त्यांनी फाईल मिटली. तिसऱ्या तारखेला तडजोड झाली. तिला नोटिशीचा पगार आणि निम्मी भरपाई मिळाली. निम्मी. उरलेली कुणाच्या खिशात राहिली ते सांगायला नको.

दुसरी आलीच नाही. तिच्या नवऱ्याने सांगितलं, आता कशाला वैर घ्यायचं, दाखला मिळाला ना. बाजारात भेटली की ती आधी पिशवीत बघते, मग रस्ता ओलांडते. माझा तिच्यावर राग नाही. मीच एकदा हाक मारून तिला थांबवलं आणि फक्त विचारलं, कामाचं काय झालं. ती म्हणाली, एका शोरूममध्ये लागलेय, दिवसभर उभं राहावं लागतं. मग हळूच म्हणाली, "इथे ठेवताना त्यांनी एक कागद दिलाय सही करायला. अजून केली नाही. तुम्ही एकदा बघाल का?"

तिने पिशवीतून तो कागद काढला. आम्ही तिथेच भाजीवालीच्या शेजारी, कडेच्या पायरीवर बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.