आंबा निवडून आला

चौसाळ्याजवळच्या एका गावात आंबा आणि कंगवा यांच्यात मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा मी मशीन पुढ्यात घेऊन पारावर बसलो होतो.

मी तहसीलमध्ये क्लार्क. मतदानाची मशीन आमच्याकडे नवीनच आली होती. गावोगाव डेमो द्यायचा, लोकांना बटण दाबायला शिकवायचं, हे माझं काम. डेमोत खरी चिन्हं चालत नाहीत. म्हणून आंबा, कंगवा अशी खोटी.

सरपंचांनी पहिलं बटण आंब्याचं दाबलं. बीप वाजला. लगेच माजी सरपंच गरजले, "आपल्या मान्सांनी कंगवाच दाबायचा!"

"अहो, हे उमेदवार नाहीत," मी ओरडलो. "नमुना आहे!"

"आमाला ठावं हाय सायेब. पर आंबा येऊ द्यायचा न्हाई."

दोन रांगा लागल्या. आंबा माणूस म्हणून कसा आहे, यावर चर्चा झाली. कुणीतरी कंगव्याची जातही काढली.

किराणा दुकान चालवणाऱ्या गंगाबाई तेवढ्या मशीनपुढे थबकल्या.

"सायेब, ह्यो आंबा कोन?"

"कोणी नाही, मावशी."

"आन् कंगवा?"

"तोही कोणी नाही. कोणतंही बटण दाबा."

"कोन्तंबी कावून दाबू? माल बघितल्याबिगर मी पुडी बांधत न्हाई."

मागून ओरडा सुरू झाला, "म्हातारे, सरक! तुला कळत न्हाई." त्या बटण न दाबताच बाजूला झाल्या.

शेवटी मी रिझल्टचं बटण दाबलं. आंबा थोडक्यात निवडून आला. सरपंचांवर गुलाल पडला. माजी सरपंचांनी मशीनमध्ये गडबड असल्याची तक्रार तोंडी दिली. मी मशीन पेटीत घातली आणि जीपकडे पळालो.

"कसा झाला डेमो?" तहसीलदार साहेबांनी विचारलं.

"उत्साह दांडगा, सर. एका बाईंनी मात्र मत दिलं नाही. उमेदवार कोण ते कळेना म्हणाल्या."

"म्हणजे मशीन समजली नाही. त्यांना परत ट्रेनिंग द्या."

पुढच्या बाजारच्या दिवशी मी मशीन घेऊन गंगाबाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी मला चहा पाजला. बटण दाबलं नाही.

गाव तयार झाल्याचा शेरा आमच्या अहवालावर पडला. बटण कसं दाबायचं, हे सरकार शिकवतं. का दाबायचं, असं विचारणाऱ्याला मात्र पुन्हा ट्रेनिंग लागतं.