गोष्टीत नसलेलं वाक्य

माझी आत्या भीतीच्या गोष्टी वाचून पोट भरायची. म्हणजे लोक कानात लावून ऐकतात, त्या गोष्टींचा आवाज तिचा. तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात, वरच्या खोलीत राहायची. घरात झुरळ निघालं की बाबा खुर्चीवर चढायचे आणि त्यांची ही धाकटी बहीण चप्पल घेऊन धावायची. आत्या कशाला भीत नाही, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. तीसुद्धा.

संध्याकाळी गरम पाण्याचे घोट घेत ती मला तिच्या कामातल्या खाचाखोचा सांगायची. नवखे लेखक भूत लवकर आणतात आणि वाया घालवतात, असं तिचं मत होतं. जाणता लेखक आधी एक खमका माणूस उभा करतो. त्या वेळी ती जी गोष्ट वाचत होती, तिच्यात बंद नाट्यगृहाची राखण करणारा एक निवृत्त फौजदार होता. पहिल्याच पानावर तो सांगून टाकतो, की आपण पुराव्याशिवाय काही मानत नाही. रोज सकाळी त्याला प्रेक्षागृहातली, उठलं की आपोआप मिटणारी एक खुर्ची उघडलेली दिसते. तो म्हणतो, स्प्रिंग सैल असेल. स्प्रिंग बदलतो, तरी खुर्ची उघडीच. मग म्हणतो, उंदीर असतील, लाकूड फुगलं असेल.

"खुर्चीला कोण घाबरतंय?" आत्या म्हणाली. "त्याची कारणं लांबत जातात ना, त्याने पोटात गोळा येतो. म्हणून मी त्याचा आवाज शेवटपर्यंत ठाम ठेवते. त्याला भीती वाटतेय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, त्याला नाही."

स्टुडिओ म्हणजे एका शिवणयंत्राच्या दुकानामागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, मधे काच, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा गृहस्थ. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मितभाषी, आत्याबरोबर बरीच वर्षं काम केलेला. त्याने एकदा तिला सहज विचारलं, की कालच्या गोष्टीत ते वाक्य तुम्ही पदरचं घातलंत का. आत्या पदरचा स्वल्पविरामही घालत नसे. तिला राग आला. मास्तरने ते ऐकवलं. फौजदार खुर्चीकडे बघत उभा आहे, मधे थोडी शांतता, आणि मग आत्याच्या आवाजात, "थांबा, अजून एकजण यायचाय." पुन्हा शांतता, आणि गोष्ट पुढे सुरू. कागदावर असं वाक्य कुठेच नव्हतं.

घरी आल्यावर आत्याने मला हे हसत हसत सांगितलं. म्हणाली, मागच्या कुठल्यातरी गोष्टीतला तुकडा यंत्रात राहिला असेल. दोन दिवसांनी म्हणाली, मास्तर थकलाय, चुकीची फाईल जोडतो. आठवड्याने जेवताना कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, हल्ली मशीनवर कुणाचाही आवाज बनवता येतो, मास्तरला दुसरी वाचणारी आणायची असेल. ज्या मास्तरला ती भावासारखं मानायची, ज्याच्या मुलीच्या लग्नात ती यजमानासारखी मिरवली, त्याच्यावर ती आळ घेत होती, आणि आवाज तर किती शांत.

मग मास्तरचा मला फोन आला. जुन्या गोष्टी त्याने पुन्हा ऐकल्या होत्या. आणखी दोन ठिकाणी तेच वाक्य होतं. त्यातली एक गोष्ट तर प्रसिद्धही झाली होती, आणि सगळ्यात जास्त काटा त्याच वाक्याला आला, असं लोकांनी कळवलं होतं. "मॅडमना मी सांगून उपयोग नाही," तो म्हणाला. "तुम्ही येऊन बसा."

मी दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे, मास्तरच्या शेजारी बसले. आत्या नेहमीसारखी वाचत होती. बऱ्याच वेळाने ती मधेच थांबली. डोळे पानावरच होते, पण ते वाचत नव्हते. ओठ चघळल्यासारखे हलू लागले, उजव्या हाताची बोटं बाहीची कड चुरत राहिली. मग ती ते वाक्य बोलली. कुणाला उद्देशून नाही. थोड्या वेळाने डोळे मिचकावून तिने परिच्छेद जिथे सोडला होता तिथूनच उचलला. मास्तरने यंत्र बंद केलं.

मी आत गेले आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "आत्या, ते तूच बोलतेस. मी आत्ता पाहिलं."

"मी थांबलेच नाही," ती म्हणाली.

"थांबलीस. तोंड हलवत होतीस."

तिने मास्तरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याच्यावर तिचा विश्वास उरला नव्हता, पण मी खोटं बोलेन असं तिला म्हणता येईना. तिने विचारलं, "मग त्या वेळी मी कुठे होते गं?"

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मेंदूच्या एका बाजूला जुना व्रण होता. लहानपणी जिन्यावरून पडली होती, त्याचा असावा. फिट आली म्हणजे माणूस कोसळतोच असं नाही, ते म्हणाले; काहींना ती अशीच येऊन जाते, आणि ज्याला येते त्याला पत्ता नसतो. तेच वाक्य का, हे त्यांना सांगता आलं नाही. आत्याने ते दोनदा विचारलं.

गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. जीभ मात्र जड झाली. भीतीच्या गोष्टी तिने स्वतःहून सोडल्या. मास्तरची माफी मागायला गेली, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही कुणालातरी बोलावलंच असतं. त्यानंतर तो तिला पाककृती आणि बागकामाची पुस्तकं देतो. ती वाचते, सावकाश. प्रत्येक पान झालं की काचेकडे बघते, आणि तो अंगठा वर करून सगळं ठीक असल्याचं सांगेपर्यंत पुढचं पान उलटत नाही.

घरी आता ती न्हाणीघराची कडी लावत नाही. मी बाहेर उभी राहून काहीबाही बोलत असते, आणि ती आतून उत्तर देते. कधी उत्तराला उशीर झाला, तर मी पाण्याचा आवाज ऐकत थांबते.